अस्वलाची जांभई

हेल्मेटसाहेबांनी करारनामा फ्रिजच्या दारावर लावला, चार कोपऱ्यांना चार चुंबकं चिकटवली, आणि दोन पावलं मागे सरून तो खड्या आवाजात वाचून दाखवला. श्रोते दोनच होते. एक त्यांची बायको, जी ऐकताना कपड्यांच्या घड्या करत होती. आणि दुसरी त्यांची आठ वर्षांची लेक ठकू, जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता.

हेल्मेटसाहेब काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, पण कारखान्यात त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनीही ओ दिली नसती. घरातही त्यांचा अंमल तसाच. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, स्वयंपाकघरात वाळूची बादली, जिन्यात 'कठडा धरा' अशी पाटी. जिना एकूण चार पायऱ्यांचा होता.

आता ठकूच्या हातात टॅबलेट आला होता आणि त्यातून सगळं जग घरात शिरणार होतं. या जगाला वाळूची बादली पुरणार नाही, हे हेल्मेटसाहेबांना कळत होतं. म्हणून त्यांनी मुलांवर लक्ष ठेवणारं एक ॲप शोधून काढलं आणि करारनामा लिहिला. भाषा अर्थातच कारखान्याची. 'कुलूपबंद उपकरण वापरणाऱ्या व्यक्तीस दिवसाला एक तास मिळेल. सदर व्यक्ती जेवताना उपकरणाला हात लावणार नाही. सदर व्यक्ती अनोळखी माणसांशी बोलणार नाही. वाढीव वेळ मिळणार नाही. हट्ट केल्यास दुसऱ्या दिवशीची पंधरा मिनिटं कापली जातील. सात दिवस पूर्ण होईपर्यंत कोणतेही अपील चालणार नाही.'

"अपील म्हणजे काय रे बाबा?" ठकूनं विचारलं.

"अपील म्हणजे रडत रडत येऊन, काढा ना कुलूप, असं म्हणणं."

"कोणीच नाही म्हणायचं?"

"कोणीच नाही. कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याला कुलूप लावतात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. मालक येऊन उभा राहिला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही."

ठकूनं मान डोलावली आणि खाली नाव लिहिलं. तिचं अक्षर वडिलांपेक्षा चांगलं होतं.

मग ॲपची जोडणी सुरू झाली. सोफ्यावर डावीकडे टॅबलेट, उजवीकडे हेल्मेटसाहेबांचा फोन. ॲपनं पहिल्यांदा दोघांच्या जन्मतारखा मागितल्या.

"हे बघ, इथंच माणसं फसतात," हेल्मेटसाहेब म्हणाले. "इंटरनेटवर खरी जन्मतारीख कधी द्यायची नाही."

"मग कुठली द्यायची?"

"कुठलीही." असं म्हणून त्यांनी फोनवरचं तारखांचं चक्र बोटानं भिरकावलं आणि ते जिथं थांबलं तिथं राहू दिलं. त्या हिशेबानं ते नऊ वर्षांचे झाले. टॅबलेटवर ठकूच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या आईची जन्मतारीख टाकली, कारण ती तेवढी पाठ होती. ठकू एकाहत्तर वर्षांची झाली. ॲपला कसं बनवलं म्हणून बापलेक पोट धरधरून हसले.

पुढं ॲपनं बरंच काही विचारलं. हेल्मेटसाहेबांनी अकरा वेळा 'मान्य' दाबलं. वाचल्याशिवाय सही करू नका, अशी पाटी त्यांनीच कारखान्याच्या दारावर लावली होती, पण पाट्या इतरांसाठी असतात. शेवटी टॅबलेटवर पासवर्ड मागितला गेला, तेव्हा ते पाठ फिरवून उभे राहिले.

"तुझा पासवर्ड तूच ठरव. मलासुद्धा दिसता कामा नये."

दोन्ही पडद्यांवर एक गुबगुबीत अस्वल नाचलं. 'अभिनंदन! तुमचं मूल आता सुरक्षित आहे.' हेल्मेटसाहेबांनी समाधानानं निःश्वास सोडला. शनिवारी ठकूच्या शाळेत पालकसभेत त्यांचं भाषण होतं, विषय 'मूल, मोबाइल आणि आपण'. ठकूनं वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं की सुरक्षेतलं माझ्या बाबांना सगळं म्हणजे सगळं येतं, आणि ते ऐकून मुख्याध्यापिकाबाईंनी आमंत्रण धाडलं होतं. भाषणाबरोबर पडद्यावर दाखवायची बत्तीस चित्रपानं फोनमध्ये तयार होती.

"नीट बोलशील ना रे बाबा?" ठकूनं झोपताना विचारलं. "सगळा वर्ग येणार आहे."

"बघच तू," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी साडेआठला कारखान्याच्या भट्टीजवळ हेल्मेटसाहेब एका कामगाराच्या हातमोज्याचा फोटो काढत होते. फोटो निघालाच नाही. पडद्यावर अस्वल आलं, त्यानं डोळे चोळले आणि भलीमोठी जांभई दिली. 'आजची वेळ संपली, बाळा! आता बाहेर जाऊन खेळ. आणखी वेळ हवा असेल तर आईबाबांना विचार.' भट्टीच्या धगीत उभे असूनही हेल्मेटसाहेबांच्या अंगावर काटा आला.

दिवसभर त्यांनी फोन बंद करून चालू केला, पुसला, हलवला, एकदा तर उन्हात ठेवला. अस्वल जांभई देतच राहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कार्यालयातल्या फोनवरून ॲपच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"तुमची नोंद सापडली," ती म्हणाली आणि एकदम तिचा सूर बदलला. "अरे वा! नऊ वर्षांचा आहेस का तू? काय झालं बाळा?"

"मी नऊ वर्षांचा नाही. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. सुरक्षा अधिकारी आहे."

"हो का? मोठं होऊन व्हायचंय का तुला सुरक्षा अधिकारी?"

"अहो, झालोय मी! आवाज ऐका ना माझा!"

"आवाज छान काढतोस हं. परवा एकानं वैमानिकाचा काढला होता." तिनं हसू आवरलं. "घरात कुणी मोठं माणूस आहे का? इथं तुझ्या पालक एकाहत्तर वर्षांच्या दिसताहेत. त्यांना फोन दे."

"त्या शाळेत गेल्यात," हेल्मेटसाहेब बोलून गेले.

 मग तिनं समजावणीच्या सुरात सांगितलं, की पालकांनी स्वतः पासवर्ड टाकून कुलूप काढायचं, दुसरा इलाज नाही. अर्थात अठरावं वर्ष लागताच फोन आपोआप मोकळा होतो. "नऊच वर्षं तर राहिलीत. भरकन जातील बघ."

आता कुणालाही वाटेल, की यात एवढं काय आहे? घरी जायचं, लेकीकडून पासवर्ड घ्यायचा, मोकळं व्हायचं. हेल्मेटसाहेबांनाही तसंच वाटलं. घराच्या दारात बूट काढेपर्यंत तसंच वाटत होतं.

"ठकू, जरा पासवर्ड सांग गं तुझा."

ठकूनं वहीतून मान वर केली. तिच्या डोळ्यांत चमक आली. "नाही सांगणार."

"अगं, मी विचारतोय."

"कुणीही विचारलं तरी नाही." एवढं बोलून ती उठली, भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली आणि तिथं एक सोनेरी चांदणी चिकटवून परत जागेवर येऊन बसली.

हेल्मेटसाहेबांनी कपाळाला हात लावला. तो तक्ता त्यांचाच. कारखान्यात आगीची रंगीत तालीम होते तशी घरी ते दर महिन्याला पासवर्डची तालीम घेत. कधी आवाज बदलून शेजाऱ्यांच्या फोनवरून, कधी दाराआडून, कधी समोर बसून लाडीगोडी लावून ते ठकूकडे पासवर्ड मागत. फसवण्याचे असे बारा प्रकार त्यांनी तिच्याकडून घोकून घेतले होते. ती फसली नाही की एक चांदणी. पंचवीस चांदण्या झाल्या की कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू म्हणजे दात, केस, जिन्यात अडथळा. ते घरात येऊ नये असं हेल्मेटसाहेबांना मनापासून वाटायचं. पण महिन्याला एक चांदणी म्हणजे पंचवीस महिने, तोवर पोरगी पिल्लू विसरून जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

"ठकू, ही तालीम नाहीये."

"चौथा प्रकार," ठकू म्हणाली. " 'ही तालीम नाहीये' असं म्हणून विचारणं."

"अगं, फार घाई आहे मला!"

"दुसरा प्रकार."

"ठकू!" ते गरजले. "मी तुझा बाप आहे!"

"पहिला प्रकार, धाक दाखवणं. मागच्या महिन्यात पण असाच ओरडला होतास. पण आज जास्त खरं वाटलं हं बाबा." तिनं कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी तीन चांदण्या चिकटवल्या.

हेल्मेटसाहेब स्वयंपाकघरात बायकोकडे गेले. बायको टपाल कचेरीत खिडकीवर काम करायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून तिचा चेहरा कशानंच हलत नसे. तिनं सगळी हकीकत ऐकली, फोनवरचं अस्वल पाहिलं, आणि ती फक्त एकदा खोकली.

"हसू नकोस. तू सांग तिला."

"मी सांगितलं तर तो अकरावा प्रकार ना? 'आईनं सांगितलंय' म्हणून विचारणं?"

"मग काय करू आता मी?"

"करारात काय लिहिलंय, वाचा," ती फ्रिजकडे बोट दाखवत म्हणाली. "सात दिवस अपील नाही. तुम्हीच लिहिलंय ना? आणि हो, जेवायला चला. फोन तिकडेच ठेवा. दुसरं कलम."

मंगळवारी संध्याकाळी टॅबलेटवर अहवाल आला. ठकूनं तो जेवताना वाचावा की नाही असा प्रश्न निघाला, पण करारात 'कुलूपबंद उपकरण' असं लिहिलेलं होतं आणि टॅबलेटला कुलूप नव्हतं. तिनं चष्मा नसताना चष्मा सावरल्यासारखं करून वाचायला घेतलं.

"तुमच्या मुलानं कुलूप लागण्याआधीच्या आठवड्यात रोज सरासरी चार तास बारा मिनिटं फोन पाहिला. सर्वांत जास्त काय पाहिलं, तर गालिचे धुण्याचे व्हिडिओ." तिनं वर पाहिलं. "बाबा, आपल्याकडे गालिचा कुठाय?"

"बघायला बरं वाटतं ते," हेल्मेटसाहेब ताटात बघत म्हणाले.

"अनोळखी व्यक्तींशी संभाषणं, एकोणीस. हा 'पोलादी मूठ' कोण?"

"आमच्या सुरक्षेच्या गटातला आहे. फार हुशार माणूस."

"त्याला प्रत्यक्ष भेटलायस?"

"तसं नाही, पण..."

"त्यानं तुझ्याकडे कधी फोटो मागितला?"

हेल्मेटसाहेब अडखळले. "एकदा. माझ्या हेल्मेटचा."

"आणि तू दिलास?"

बायको उठून पाणी आणायला गेली. पाण्याचं भांडं टेबलावरच होतं. आतून बराच वेळ तिचा खोकला ऐकू येत राहिला.

बुधवार ते शुक्रवार हेल्मेटसाहेबांनी जंग जंग पछाडलं. त्यांनी ठकूला गोष्ट सांगता सांगता पासवर्ड विचारला. तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारला. ती अर्धवट झोपेत असताना विचारला, तेव्हा तिनं डोळे न उघडता "नववा" म्हणून कूस बदलली. गुरुवारी तर त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज काढला, आणि ठकूनं नम्रपणे उत्तर दिलं, "बाई, तुम्हाला पण नाही." रोज सकाळी साडेआठलाच त्यांचा तास संपायचा. चित्रपानं दुसरीकडे पाठवायला गेलं की अस्वल विचारायचं, 'हे काका कोण आहेत? आईबाबांना माहीत आहे का?' हट्ट केला म्हणून एकदा पंधरा मिनिटं कापलीही गेली.

आणि या सगळ्यात त्यांना खरी भीती एकाच गोष्टीची होती. फोनची नव्हे. शनिवारी भरल्या सभागृहात ठकू पहिल्या रांगेत बसणार, आणि ज्या बाबांना सगळं म्हणजे सगळं येतं ते बाबा तिच्या वर्गासमोर तोंडावर आपटणार. पोरीची मान खाली जाईल, या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

शुक्रवारी त्यांना मार्ग सुचला, आणि तो इतका सोपा होता की आधी का सुचला नाही याचं नवल वाटलं. शनिवारी सकाळी फोनला हातच लावायचा नाही! अकरा वाजता भाषण, चाळीस मिनिटांत बत्तीस पानं, म्हणजे वीस मिनिटं शिल्लक.

शनिवारी ते फोन दुधाचं भरलं पातेलं जपून नेतात तसा रुमालात गुंडाळून शाळेत घेऊन गेले. सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत ठकू, मांडीवर दप्तर, दप्तरात टॅबलेट. ज्याच्याकडे कुलपाची किल्ली त्यानं यंत्र सोडून जायचं नाही, हा कारखान्याचा नियम तिला पाठ होता. शाळेच्या शिपायानं हेल्मेटसाहेबांचा फोन पडद्याच्या यंत्राला जोडला, पहिलं पान झळकलं, टाळ्या झाल्या, आणि मुख्याध्यापिकाबाई प्रास्ताविकाला उभ्या राहिल्या.

फोन चालू होता. तास मोजला जात होता. हेल्मेटसाहेबांच्या ते लक्षात आलं तेव्हा बाई शाळेच्या स्थापनेपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ केली. बाईंना वाटलं पाहुणे ऐकण्यात रंगलेत. दहा मिनिटं झाली. वीस झाली. शाळेची नवी इमारत बांधून झाली. तिसाव्या मिनिटाला हेल्मेटसाहेबांनी घसा खाकरला, तर बाईंनी स्वतःचा पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. एकोणसाठाव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "तर मी आपला अधिक वेळ घेत नाही."

हेल्मेटसाहेब उठले ते जवळजवळ धावतच माइकपाशी गेले. "मित्रहो," ते एका दमात म्हणाले, "मुलांना सुरक्षित ठेवायचं तर पहिली गोष्ट..."

पडद्यावर दहा फुटी अस्वल आलं. त्यानं डोळे चोळले आणि सभागृहाला घसा दाखवत जांभई दिली. 'आजची वेळ संपली, बाळा!'

अडीचशे माणसं अस्वलाकडे बघत राहिली. हेल्मेटसाहेबांचे कान तापले. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ठकू ताठ बसली होती.

"ठकू," ते माइकवरून हलक्या आवाजात म्हणाले, "जरा वेळ वाढवून देतेस का गं?"

ठकू उभी राहिली. "वाढीव वेळ मिळणार नाही. हट्ट केल्यास उद्याची पंधरा मिनिटं कापली जातील."

कुणीतरी हसलं.

"मग पासवर्ड सांग, बाळा. हे बघ, सगळे खोळंबलेत. तुझ्या बाबांची लाज जाईल इथं."

"सातवा प्रकार," ठकूचा आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला. "सगळ्यांसमोर लाज वाटेल, असं सांगून विचारणं. तरी सांगायचा नाही."

"मी तुझ्या पाया पडतो!"

"तिसरा."

आता मात्र सभागृहात टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळे वाजवू लागले. मागून एक गृहस्थ ओरडले, "वा! याला म्हणतात प्रात्यक्षिक!" एक बाई रुमालानं डोळे पुसत होत्या. मुख्याध्यापिकाबाई माइक ओढून घेत म्हणाल्या, की आजवर शाळेत पुष्कळ भाषणं झाली, पण स्वतः लहान होऊन, स्वतःच्या फोनला कुलूप लावून घेऊन, लेकीकडून नकार ऐकून दाखवणारा वक्ता पहिलाच! मग ठकूला मंचावर बोलावण्यात आलं. तिनं बाराच्या बारा प्रकार क्रमानं सांगितले, आणि हेल्मेटसाहेब शेजारी उभं राहून प्रत्येक प्रकाराला मान डोलावत राहिले. एवढंच काम त्यांना उरलं होतं. पण ठकूची मान वर होती, आणि तिच्याकडे बघताना त्यांना अगदी आतून भरून आलं. आणखी तीन शाळांची आमंत्रणं दारातच मिळाली.

रविवारी सकाळी सात दिवस पूर्ण झाले. ठकूनं कुणी न सांगता टॅबलेट घेतला, पासवर्ड टाकला आणि कुलूप काढलं. अस्वलानं हात हलवून निरोप घेतला.

"ठकू," हेल्मेटसाहेबांनी फोन हातात धरून विचारलं, "तुला खरंच ती सगळी तालीम वाटत होती?"

"सोमवारी थोडा वेळ वाटली."

"आणि नंतर?"

"नंतर नाही वाटली. पण तू विचारत होतास, मी सांगत नव्हते. नियमात बसत होतं." ती भिंतीकडे वळली. "मोज ना बाबा."

त्यांनी तक्ता मोजला. आठवड्याच्या सुरुवातीला त्यावर पाच चांदण्या होत्या, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग बायकोला हाक मारून तिच्याकडून मोजून घेतलं.

"पंचवीस," बायको म्हणाली. "पाया पडलात ती शेवटची."

दुपारी प्राण्यांच्या दवाखान्यात एक तपकिरी पिल्लू हेल्मेटसाहेबांच्या बुटाची नाडी चावत बसलं होतं. ठकू टेबलाशी उभी राहून नोंदणीचा अर्ज भरत होती. नाव लिहिलं, रंग लिहिला, आणि मग तिचं पेन थांबलं.

"बाबा, याची जन्मतारीख मागितलीये. डॉक्टरकाकांनी सांगितलीये, पण आपण कुठलीही टाकायची ना?"

हेल्मेटसाहेबांनी घाईघाईनं पुढे होऊन अर्जावर हात ठेवला.

"खरी लिही," ते म्हणाले. "दिवस, महिना, वर्ष, सगळं खरं लिही. नाहीतर पट्टा माझ्या गळ्यात यायचा."